करंजखोलात शिंपल्याला पाऊल म्हणतात

करंजखोलची खाडी सुकतीला उघडी पडते. पाणी उतरलं की काठच्या वडापासून पलीकडच्या जुव्यापर्यंत एक पांढरी वाट वर येते. जुवं म्हणजे खाडीतलं बेट. वाट सरळ नाही, कोयत्यासारखी वाकलेली आहे. मध्ये तीन ठिकाणी खंड आहेत, तिथं ओंडके टाकलेले आहेत. वाट दगडाची नाही. सिमेंटही नाही. सगळी शिंपल्यांची आहे.

नव्या माणसानं 'शिंपला' म्हटलं तर कोणी रागावत नाही. पण करंजखोलात तो शब्द चालत नाही. तिथं त्याला पाऊल म्हणतात. तिसरीचं पाऊल, कालवाचं पाऊल. खेकड्याची पाठ आणि गोगलगायीचं घर, तेही पाऊलच. जेवण झालं की घरची बाई सांगते, "पावलं टोपलीत टाका रे." मग ती धुतली जातात आणि वाटेवर जातात. उकिरड्यावर कोणी टाकत नाही.

हे असं का, ते जुनी माणसं पाहुण्यांना सांगतात. काठावर वडाखाली बसवून सांगतात. वाटेवर उभं राहून सांगत नाहीत, कारण भरती कोणाची गोष्ट संपायची वाट बघत नाही.

फार पूर्वी जुव्यावर सात घरं होती, सगळी खारव्यांची, दर्यावर जगणाऱ्यांची. त्यातल्या धाकलू खारव्याशी आवडीचं लग्न झालं. आवडी वरच्या वाडीतली, डोंगराकडची. तिच्या माहेरी शिमग्यात गावदेवी खारजाईची पालखी घरोघर यायची. चांदीचा मुखवटा, नवं लुगडं, पुढं ढोल आणि सनई. पालखी अंगणात येते, नाचते, मग पाटावर टेकते. घरची बाई ओटी भरते. कर्तं माणूस गाऱ्हाणं घालतं, म्हणजे घरचं सुखदुःख देवीच्या कानावर घालतं. वर्षातून एकदा देव आपल्या दारात येतो. ज्याच्या दारात येत नाही, त्याचं घर असून नसल्यासारखं.

लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यात आवडी पहाटेच उठली. तिनं अंगण सारवलं, दारात रांगोळी काढली, पाट मांडला. ओटीचे तांदूळ निवडून सुपात ठेवले आणि उंबऱ्यात बसून राहिली. पलीकडच्या काठावर ढोल वाजत होते. ऊन ओटीवर आलं, तरी ती उठेना. सासू बाहेर आली.

"कोणाची वाट बघतेस गो?"

"पालखीची."

सासू हसली नाही. तिनं सुपातले तांदूळ परत मडक्यात ओतले. "ती इथं येत नाय. आपण जायचं. खोताच्या अंगणात कोपऱ्यात उभं राहायचं. त्यांच्या ओट्या झाल्या की मग आपल्या."

"आणि हे अंगण?"

"हे कोंबड्यांना," सासू म्हणाली.

कारण असं सांगतात. कधीकाळी पालखी नावेत घालून जुव्यावर आणत होते. मधल्या धारेत नाव उलटली आणि देवीचा मुखवटा तीन दिवस चिखलात पडून राहिला. सापडला, पण देवळात तेव्हापासून नेम झाला: खारजाई नाव चढणार नाही. तिला पायाखाली भुई लागते. पालखीच्या भोयांचे पाय तेच देवीचे पाय. आणि खाडीचा चिखल असा, की सुकतीला त्यात उतरलेला माणूस कमरेपर्यंत जातो. म्हणून देवी त्या काठावर, सात घरं या काठावर.

आवडी त्या दिवशी सासूबरोबर गेली. कोपऱ्यात उभी राहिली. ओटी भरून झाल्यावर मात्र ती मागं सरली नाही. पालखीचा मानकरी रायाजी खोत तिथंच होता. पालखीचा पहिला खांदा त्याच्या घराण्याचा. माणूस मोठ्या मिशांचा, त्याहून मोठ्या पोटाचा आणि थट्टेखोर.

"खोतानू," आवडी म्हणाली, "देवी नाव चढत नाय ते ठीक. भुई असली तर येईल?"

"कुठली भुई?"

"खाडीत केली तर."

अंगण हसलं. खोतानं मिशी पुसली. "कोण करणार?"

"मी."

"पोरी, ह्या खाडीनं माझा एक बैल गिळलाय, शिंगांसकट. पण तू कर. तू वाट केलीस तर पहिला खांदा मी देतो, आणि तुझ्या अंगणात मी स्वतः नाचतो. हे पोट घेऊन."

लोक पुन्हा हसले. आवडीनं पालखीकडं हात जोडले. "हिच्यासमोर बोललात," ती म्हणाली, आणि निघाली.

परत येताना धाकलू नाव वल्हवत होता. काठ लांब गेल्यावर त्यानं वल्हं मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "तू काय बोललीस ते तुला कळलं का?"

"कळलं."

"मग मला पण समजाव."

पहिली दोन वर्षं दोघांनी दगड ओढले. जुव्याच्या टोकाला काळा कातळ होता. तो फोडायचा, नावेत घालायचा, सुकतीला चिखलात मांडायचा. संध्याकाळी मांडलेला दगड सकाळी दिसत नसे. खाडीनं सगळे गिळले. ढेकरसुद्धा दिली नाही, असं धाकलू म्हणायचा. काठावरची माणसं आपल्या ओटीवर बसून बघायची आणि ओरडून विचारायची, "काय धाकल्या, आज खाडीला जेवायला काय?"

आवडी अंगण मात्र सारवत राहिली. दर शिमग्याला रांगोळी, पाट, तांदूळ. संध्याकाळी कोंबड्या रांगोळी उकरून टाकत.

तिसऱ्या वर्षी तिचं रेडकू सुटलं. घरामागं तिवराची झाडी होती. तिवर चिखलातच वाढतो, आणि रेडकाला त्याचा पाला आवडायचा. आवडी दावं घेऊन धावली. तिला वाटलं, रुतलं असणार. पण रेडकू चिखलाच्या मधोमध उभं राहून शांतपणे पाला खात होतं. चारही खूर कोरडे.

आवडीनं खाली बघितलं. तिथं सात घरांचा उकिरडा होता. जुव्यावर भात थोडं, तिसऱ्या आणि कालवं रोजची. आजेसासवांच्या वेळेपासून खाल्लेल्या शिंपल्यांचा तो ढीग होता. ती त्यावर चढली. नाचून बघितलं. ढीग करकरला, खचला नाही. दगड जड, तो आपल्याच वजनानं खाली जातो. शिंपलं हलकं. ते एकात एक अडकतं, पसरतं आणि चिखलावर बसून राहतं.

रेडकाला तिनं तसंच सोडलं आणि घरी धावली. धाकलू जाळं विणत होता.

"उठा," ती म्हणाली. "उकिरडा उचलायचा आहे."

"कुठं न्यायचा?"

"देवीला आणायला."

धाकलूनं जाळं खाली ठेवलं. "आधी बायको होतीस, मग गवंडी झालीस. आता भंगीकाम पण माझ्याच नशिबी," असं म्हणत तो उठला.

सात घरांचा ढीग तेवीस हात वाटेला पुरला. खाडी चारशे हात. मग आवडी सुकतीच्या आधी नाव घेऊन खाडीकाठच्या गावांत जायला लागली. दारात उभी राहून हाक मारायची. बायका तांदूळ घेऊन बाहेर यायच्या.

"तांदूळ नको. जेवलात त्याची शिंपली द्या."

एका गावात एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भिकारणी लय बघितल्या. उष्टं मागणारी पहिलीच."

"मग पहिल्या भिकारणीला रिकामी पाठवू नका," आवडी म्हणाली. म्हातारीनं टोपलीभर दिली, आणि पुढच्या वेळी शेजारणीचीही आणून ठेवली.

त्या साली वाट शंभर हात गेली. आवडीनं ती सरळ घातली होती, बाणासारखी, काठावरच्या वडावर नजर ठेवून. पावसाळ्यात खाडी आली आणि मधून फाडून घेऊन गेली. आवडी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी धाकलू तिला नावेत घालून मधल्या धारेत घेऊन गेला. त्यानं वल्हं उचललं आणि नाव सोडून दिली. नाव आपोआप वळत वळत गेली.

"बघितलंस? मी पोर होतो तेव्हापासून हिच्यावर आहे. हिला आडवं गेलेलं चालत नाय. ती वळते तिथं तू वळ. आणि हिला जायला दारं ठेव. स्वतःच्या घराला दार ठेवतेस ना?"

"हे आधी का नाय सांगितलंत?"

"आधी विचारलंस का?"

म्हणून ती वाट वाकडी आहे, आणि म्हणून तिला तीन खंड आहेत. वाकडी झाली, पण टिकली. मग बाकीची सहा घरंही हात लावू लागली. आवडीची सासू तोवर फार थकली होती. ती जेवताना म्हणायची, "वाढ आणखी. मी मेल्यावर माझ्या वाटणीच्या तिसऱ्या कोण खाणार? वाट अडायची." ती वाटेच्या शेवटच्या वर्षापर्यंत जगली. लोक म्हणतात, तिसऱ्यांवरच जगली.

चौदा वर्षं गेली. चौदाव्या वर्षी माघी पुनवेला आवडी वाटेनं चालत काठावर आली आणि पायांची धूळही न झटकता खोताच्या दारात उभी राहिली. कारण पायांना धूळ नव्हतीच, मीठ होतं.

"वाट झाली."

रायाजी खोताच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. गुडघे धरले होते. तो काठी टेकत वाटेवर आला, निम्म्यापर्यंत गेला, काठी तीनदा आपटली. परत येऊन म्हणाला, "शिमग्यात पंचमीला सकाळी सुकती आहे. येतो."

पंचमीला सारं करंजखोल वडाखाली जमलं. पालखी आली. पहिला खांदा खोताचा होता, शब्दाप्रमाणे. वाटेच्या मध्यावर आवडी उभी होती, हातात आरतीचं ताट घेऊन. ढोल थांबले. पालखी वाटेवर पाऊल टाकणार, तोच देवळाचा पुजारी भिकू गुरव आडवा आला. गुरव सरळ माणूस होता. खोडी त्याच्या अंगात नव्हती. पण देवीची शुद्धता त्याच्या हातात होती, आणि तो तिला जपत होता.

"थांबा. ही शिंपली कसली?"

"तिसऱ्यांची, कालवांची," कोणीतरी म्हणालं.

"खाऊन टाकलेली. गावोगावचं उष्टं. त्याच्यावरून देवी नेऊ मी? मला कोणी विचारलं का?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. चौदा वर्षांत दगड, पाणी, वारा, सगळ्यांचा विचार झाला होता. हा विचार कोणाच्या डोक्यात आला नव्हता. खोत पालखी खांद्यावर घेऊन तसाच उभा. मध्यावरून आवडीला बोलणं ऐकू आलं. तिनं पुढं बघितलं. पहिल्या खंडाच्या तोंडाशी फेस वळायला लागला होता. सुकती संपत आली होती. आज पालखी मागं फिरली तर पुढं कोणी तिला इथवर आणणार नाही, हे तिला कळत होतं.

ती ताट घेऊन चालत काठापर्यंत आली. गुरवासमोर उभी राहिली. तिचा आवाज वर गेला नाही.

"काका, तुमच्या हातात काय आहे?"

गुरवानं हाताकडं बघितलं. "शंख."

"कोणाचा?"

"देवीचा."

"देवीच्या आधी?"

गुरवानं शंख उलटा करून बघितला.

"आधी त्यात एक जीव राहत होता. तो गेला, घर मागं राहिलं. ते घर तुम्ही रोज तोंडाला लावता, तेव्हा आई जागी होते. आम्ही तर तोंड पण लावत नाय. आतलं काढून घेतो, घर धुतो आणि हिच्या पायाखाली अंथरतो. तुमच्या हातातलं मोठं आणि माझं लहान, एवढाच फरक असेल तर सांगा. मी ताट घेऊन घरी जाते."

रायाजी खोताचं पोट आधी हललं. मग खांदे हलले. त्यानं ओठ दाबून धरले, पण हसू आवरेना. त्याच्या खांद्यावरची पालखी गदगदा हलायला लागली. मुखवट्यावरची फुलं उडाली. मागून एक बाई म्हणाली, "आई हसली." मग सगळेच म्हणाले, आई हसली.

गुरवानं शंख धोतराच्या सोग्याला पुसला. मग त्यानं फेसाकडं बघितलं. "पुढं व्हा," तो म्हणाला. "बोलण्यात वेळ गेला. भरती लागली." आणि त्यानं शंख फुंकला.

पालखी वाटेवर उतरली. पायाखाली शिंपली करकर वाजत होती. पहिल्या खंडाला पाणी ओंडक्याखाली होतं, दुसऱ्याला ओंडक्याला लागलं. तिसऱ्याला भोयांचे घोटे भिजले. खोत धापा टाकत म्हणत होता, "चला, चला, माझा बैल गिळलेलं पाणी आता मला ओळखतंय." मागं ढोल, त्याच्या मागं निम्मं गाव. उरलेलं निम्मं काठावरून ओरडत होतं. जुव्यावरची सासू दारात खाटेवर बसून टाळ्या वाजवत होती.

आवडीच्या अंगणात पालखी नाचली. खोतही नाचला. गुडघे वाजले, पगडी सुटली, पोट एकीकडं आणि तो दुसरीकडं, पण नाचला. शब्द म्हणजे शब्द. शेवटी पालखी पाटावर टेकली. आवडीनं ओटी भरली. तेवढ्यात मागून हाक आली, "वाट बुडाली."

सगळे वळले. वाटेवर पाणी होतं. पालखी परत न्यायची तर नावेतून न्यायला हवी, आणि देवी नाव चढत नाही. ती परक्या घरी कधी राहिली नव्हती. गुरवाचा चेहरा उतरला. खोतानं धाकलूकडं बघितलं. "गाऱ्हाणं घाल बाबा, आणि तिलाच विचार काय करायचं."

धाकलू मागं सरला. "सांगणं हिचं आहे. हिनंच सांगावं."

आवडी पुढं झाली. चौदा वर्षं तिनं हे गाऱ्हाणं मनात जुळवलं होतं. चिखलात उभं राहून, टोपल्या वाहताना, अंगण सारवताना. काय काय मागायचं ते सगळं पाठ होतं. आता समोर मुखवटा होता. गुलालानं माखलेला, फुलं घसरलेली, लुगड्याच्या काठाला खारं पाणी लागलेलं. तिला त्यातलं एकही आठवेना. तिनं पदरानं मुखवट्यावरचा गुलाल हलकेच पुसला.

"बस गो आई," ती म्हणाली. "दमली असशील."

मग भिकू गुरवानं शंख खाली ठेवला आणि पालखीशेजारी मांडी घातली. देवीला बस म्हटलं होतं, देवी बसली होती. पुढं विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"ती दमली नसेल," ओटीवर आडवा झालेला खोत म्हणाला. "मी दमलोय. मला पण बस म्हणा, आणि जेवायला काय आहे ते सांगा."

जेवायला तिसऱ्या होत्या, दुसरं काय असणार. पाट मांडून वाढल्या. खोत पोटभर जेवला. जेवण झाल्यावर आवडीनं त्याच्या ताटाला हात घातला, तर त्यानं ताट धरून ठेवलं.

"उष्टं आहे खोतानू. द्या, मी काढते."

"आता ह्याला उष्टं म्हणायचं नाय. टरफल म्हणायचं नाय. देवी ह्याच्यावरून आली. हे आईचं पाऊल." त्यानं शिंपली स्वतः धुतली आणि पंच्यात बांधली. पुढच्या सुकतीला पालखी परत निघाली, तेव्हा दुसऱ्या खंडाजवळ जिथं वाट थोडी खचली होती, तिथं त्यानं ती ठेवली आणि पायानं दाबली. गुरवानं बघितलं, आणि आपलीही ठेवली. मागचे सगळे तसंच करत गेले. त्या दिवसापासून करंजखोलात ते नाव पडलं, असं सांगतात.

आजही पंचमीला खारजाईची पालखी सकाळच्या सुकतीला जुव्यावर जाते आणि पुढच्या सुकतीपर्यंत तिथंच राहते. मधली एक भरती देवी जुव्याची. नेम म्हणतात, तो आता हा आहे. काठावरच्या घरांत गाऱ्हाणी चालतात ती लांबलचक. कोणाला पाऊस हवा, कोणाला मुलगा, कोणाला कोर्टाचा निकाल. जुव्यावरच्या त्या अंगणात मात्र कोणी काही मागत नाही. पालखी पाटावर टेकली की ढोल थांबतात, पोरांना गप्प करतात, म्हातारी माणसं कान पुढं करतात. कारण तिथलं गाऱ्हाणं फार लहान आहे. घरची थोरली बाई पदरानं मुखवटा पुसते आणि तेवढंच म्हणते, "बस गो आई. दमली असशील."